ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे मल्ल म्हणून खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या पदकासाठी पैसे कोणी घातले, हे मात्र नव्या पिढीला फारसे माहीत नसते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तालमीची माती लहानपणीच अंगाला लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९४२ च्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. आयुष्यभर मातीत खेळलेल्या या मल्लाला तिथे मॅटवर, परक्या नियमांनी लढावे लागले. तरीही ते सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला. सांघिक खेळात एकाचा दिवस वाईट गेला तरी दुसरा सावरून घेतो. इथे सगळी भिस्त ५७ किलो गटातल्या एकाच माणसावर. एक दुखापत झाली, एक डाव चुकला, की सारा खर्च पाण्यात. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, पण ती पुरेना. अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मॅटचा सराव नसताना जो सहावा येतो, तो तयारीनिशी गेला तर आणखी वर जाईल, एवढाच काय तो आधार होता. पदकाची हमी कोणीच देऊ शकत नव्हते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लांबलेली कुस्ती मात्र ते हरले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि तीही कुस्ती गेली. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या हाती आले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्ण जिंकले. त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे होते.

गावी परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपले आणि खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जफेडीचे. कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः लढून त्यांनी पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक देशाला थेट १९९६ मध्ये, लिएंडर पेस यांच्या रूपाने मिळाले.

कामरेज-सुरत भागातली आपली बरीच कुटुंबे खानदेशातली. तिकडच्या यात्रांत आजही कुस्त्यांची दंगल भरते. सुट्टीत मुलांना ती दाखवायला न्याल तेव्हा खाशाबांबरोबर खर्डेकर सरांचीही गोष्ट अवश्य सांगा. आपल्यातलाच एखादा गुणी मुलगा किंवा मुलगी उद्या राज्यस्तरावर खेळायला निघाली आणि घरच्यांना खर्च झेपेना, तर पदक आणल्यावर सत्कार करण्याआधी, जाण्याच्या तिकिटाची सोय आपण करायला हवी.