धुंडिराज गोविंद फाळके : एका न बांधलेल्या नाट्यगृहाची कथा

महाराष्ट्राबाहेरील मराठी जीवनाचा विचार करताना ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, तंजावर या नगरांची नावे सहजच समोर येतात. या मालिकेत बडोद्याचे स्थान काहीसे निराळे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत हे नगर मराठी विद्वत्तेचे आणि गुजराती उद्यमशीलतेचे संगमस्थान बनले आणि त्या संगमातूनच १८९० मध्ये त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन ही संस्था उभी राहिली. देशी भाषांच्या द्वारे तांत्रिक शिक्षण द्यावे, कला आणि कारागिरी यांतील अंतर मिटवावे, हा गज्जर यांचा आग्रह होता. या संस्थेच्या परिसरात घडलेल्या एका मराठी विद्यार्थ्याला १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्याने मांडलेली वस्तू होती आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती. ते नाट्यगृह प्रत्यक्षात कधी बांधले गेले नाही. पुढे तो विद्यार्थी भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून विख्यात झाला आणि त्या ख्यातीच्या प्रकाशात त्याची वास्तुकलेची व मुद्रणाची उमेदवारी झाकोळून गेली. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राचा उलगडा मात्र या उमेदवारीपासून केल्यावाचून होत नाही.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे जाणकार पंडित. मातोश्रींचे नाव द्वारकाबाई. पौरोहित्य, पुराणकथन आणि व्रतवैकल्ये यांनी भरलेल्या या घरात मुलाच्या मनावर आख्यानपरंपरेचा पहिला संस्कार झाला. दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाल्यावर कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजांनी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. घराण्याची विद्या सोडून चित्रकलेकडे वळणे ही त्या काळातील शास्त्र्याच्या मुलाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. तेथील रेखाटनाचा अभ्यास संपवून ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्याकडे बडोद्यास गेले.

बडोद्यातील वर्षे ही त्यांच्या आयुष्यातील खऱ्या अर्थाने विद्यार्थिदशेची वर्षे होत. तैलरंग व जलरंग, वास्तुकला, मूर्तिकाम, छायाचित्रण अशा अनेक विषयांत त्यांनी येथे गती मिळवली. आजच्या दृष्टीस हा अभ्यासक्रम विस्कळीत वाटण्याचा संभव आहे. परंतु कलाभवनाच्या कल्पनेत या सर्व विद्या एकाच वृक्षाच्या शाखा होत्या. नाट्यगृहाची प्रतिकृती सिद्ध करणाऱ्यास भिंती आणि छप्पर यांची मापे जमली म्हणजे पुरत नाही. प्रेक्षकाची दृष्टिरेषा कोठून कोठे जाते, रंगमंचाची खोली किती असावी, पडदा कोठे पडावा, प्रकाश कोणत्या बाजूने यावा, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचावा, हे सर्व त्याला आधी मनात उभे करावे लागते. एका अर्थाने प्रेक्षकाच्या पाहण्याचीच ती रचना असते. हे ध्यानात घेतले म्हणजे १८९२ चे सुवर्णपदक आणि १९१३ चा चित्रपट यांतील अंतर पुष्कळ कमी होते.

गज्जर यांनी या विद्यार्थ्यास रतलाम येथे पाठवून तीनरंगी ब्लॉक, फोटोलिथो आणि अंधाऱ्या खोलीतील प्रक्रिया यांचे शिक्षण मिळवून दिले. विद्या हाती आली, पण उपजीविका काही स्थिरावेना. गोध्रा येथे फाळके यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. बडोद्यास परतल्यावर पुन्हा मांडलेला धंदा, छायाचित्र काढल्याने माणसाचे आयुष्य घटते या समजुतीपुढे टिकला नाही. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि जादूचे प्रयोग शिकून स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने ते सादरही केले. चरित्रकार या काळाकडे बहुधा भटकंतीचा काळ म्हणून पाहतात. तथापि रंगवलेला पडदा हे वास्तूचे आभासरूप आणि हातचलाखी ही प्रेक्षकाच्या दृष्टीचे नियंत्रण करण्याची कला. तेव्हा नाट्यगृहाच्या रचनेत जे प्रश्न होते तेच येथेही होते, एवढेच की त्यांची उत्तरे आता स्वस्त साधनांत शोधावी लागत होती.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांशी नाते असलेल्या गिरिजा करंदीकर या सरस्वतीबाई फाळके झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून फाळके यांना नोकरी मिळाली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात सरकारी नोकरीचा त्याग करून त्यांनी लोणावळ्यास मुद्रणाचा कारखाना काढला. जवळच मळवली येथे राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता आणि त्या छापखान्यासाठी शिळामुद्रणाचे काम फाळके करीत असत. देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोचविणाऱ्या या उद्योगात त्यांचा हात आकृती आणि रंग यांवर बसला. शिवाय एकच प्रतिमा असंख्य प्रतींनी प्रांताप्रांतांतील घरांत शिरते तेव्हा काय घडते, याचेही त्यांना प्रत्यक्ष ज्ञान झाले. कारखाना पुढे दादरला आला, पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव प्रसिद्धीस आले. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र पाहण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. 'सुवर्णमाला' या सचित्र नियतकालिकाने या छापखान्याचा लौकिक वाढविला. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन फाळके आपणच उभा केलेला उद्योग रिकाम्या हाताने सोडून बाहेर पडले.

वयाच्या चाळिशीत, बेकार अवस्थेत, मुंबईतील एका तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागावेत हा ध्यास त्यांना लागला. यानंतरचे दिवस चित्रपट पाहण्यात आणि प्रयोग करण्यात गेले; अतिश्रमाने काही काळ दृष्टीही अधू झाली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले आणि दोन महिन्यांत विल्यम्सन कॅमेरा खरेदी करून परतले. कुंडीतील वाटाण्याचे रोप वाढताना दाखविणारी छोटी फिल्म तयार करून त्यांनी यशवंतराव नाडकर्णी यांना भांडवल देण्यास राजी केले. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे आणि संपूर्ण कंपनीचे स्वयंपाकपाणी पाहणे ही कामेही त्यांनीच सांभाळली. पहिल्या भारतीय कथापटाच्या श्रेयात या बाईंचा वाटा नोंदविताना इतिहासकारांनी हात फार आखडता घेतला, हे मान्य केले पाहिजे.

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र, साळुंके तारामती आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. कथेची निवड अर्थपूर्ण होती. मार्कंडेयपुराणातील हे आख्यान मराठी कीर्तनकारांच्या मुखी होते, भारतेंदूंनी ते हिंदी नाटकात आणले होते, रणछोडभाई उदयराम यांनी गुजराती नाटकात. गांधीजींच्या बालमनावर याच कथेच्या नाट्यप्रयोगाने खोल ठसा उमटविला होता. भारतीय भाषांना सामाईक असलेली अशी कथा मूकपटास अत्यंत सोयीची होती. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असल्याने शब्दांची उणीव भासत नव्हती आणि पाट्यांवर हिंदी व इंग्रजी मजकूर ठेवून चित्रपट भाषांच्या सीमा ओलांडू शकत होता. आज पाहावयास मिळणाऱ्या अंशात आरंभी राजा पुत्राला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी शेजारी उभी आहे. पात्रांची मांडणी, वस्त्रांची ठेवण, मागील देखाव्याचा उभार यांत शिळाछापाची स्मृती स्पष्ट दिसते. महाल रंगवलेला आहे हे लपत नाही. पण त्याची प्रमाणे आरेखकाच्या हाताने आखली आहेत हेही लपत नाही.

यानंतर नाशिक ही त्यांची कर्मभूमी झाली. 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले. १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये फाळके यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटासंबंधी मराठीत लेख लिहिले. नव्या तंत्राविषयी देशी भाषेत विचार मांडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न असून कलाभवनाच्या शिकवणुकीशी त्याचे नाते उघड आहे. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. येथेही छापखान्याचाच इतिहास पुन्हा घडला: मतभेद वाढले आणि फाळके निवृत्ती पत्करून काशीस गेले.

काशीत त्यांनी जे लिहिले ते चरित्राच्या दृष्टीने सूचक आहे. चित्रपटाचा हा निर्माता तेथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहीत बसला, आणि त्याचा विषय होता समकालीन रंगभूमीची अवस्था. अहमदाबादेत ज्याने रंगभूमीसाठी आदर्श वास्तू कल्पिली होती, तोच तीस वर्षांनी त्या वास्तूच्या आत चालणाऱ्या व्यवहाराची उपरोधाने झडती घेत होता. १९२२ मध्ये आलेल्या या नाटकाला प्रेक्षकांचा प्रतिसाद जेमतेमच मिळाला. फाळके पुन्हा कंपनीत तंत्रप्रमुख म्हणून परतले. पण चित्रपट आता त्यांच्या हातून निसटत चालला होता. सामाजिक कथा, व्यावसायिक नटसंच आणि शेवटी ध्वनी यांनी त्याचे स्वरूप पालटले. जो सर्व कामे एकट्याच्या हाताने करीत असे, त्याला श्रमविभागणीच्या कारखान्यात जागा उरली नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, विपन्नावस्थेत आणि बहुतांशी विस्मृतीत, त्यांचा अंत झाला. १९६९ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देण्यात येऊ लागला.

फाळके यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे अवशेष उरले आहेत आणि त्यांच्या मुद्रणकार्याचा तपशीलवार अभ्यास अद्याप मोठ्या प्रमाणात व्हावयाचा आहे. त्यांना केवळ आद्यप्रवर्तक मानण्याने त्यांचा गौरव होतो, पण त्यांचे शिक्षण दृष्टीआड होते. जणू काही चित्रपट हा लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यातूनच जन्मास आला. वस्तुतः पुराणकथा, कीर्तन, नाटकाचा पडदा, शिळाछाप आणि वास्तूची प्रतिकृती या सर्वांचा व्यासंग त्या कॅमेऱ्यामागे आधीपासून उभा होता. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला म्हणूनच हे चरित्र चित्रपटाच्या इतिहासापुरते मर्यादित ठेवता येत नाही. एक आख्यान मुखातून रंगमंचावर, रंगमंचावरून कागदावर आणि कागदावरून पडद्यावर कसे सरकते, याचा मागोवा घेताना बडोद्याच्या कलाभवनातील त्या विद्यार्थ्याची अनेक हत्यारांवर बसलेली बोटे आधी ओळखून घ्यावी लागतात.