बोरिस कारलॉफ

बोरिस कारलॉफ (जन्म : २३ नोव्हेंबर १८८७, लंडन; मृत्यू : २ फेब्रुवारी १९६९, मिडहर्स्ट, ससेक्स) हे रंगभूमी व चित्रपट या माध्यमांतील ब्रिटिश अभिनेते होते. त्यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटातील मानवनिर्मित जीवाच्या भूमिकेने ते जगप्रसिद्ध झाले. तुरुंग, फाशी आणि मृत्यूनंतर परतलेला गुन्हेगार यांभोवती गुंफलेल्या अद्भुत भयपटांच्या प्रवाहातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या कारकिर्दीला वळण देणारी भूमिका एका कैद्याची होती. पुढील अनेक वर्षे वधस्तंभावरून, विजेच्या खुर्चीवरून किंवा अंधारकोठडीतून परतणाऱ्या माणसांच्या भूमिका त्यांच्या वाट्याला येत राहिल्या. अशा माणसाविषयी प्रेक्षकाच्या मनात भीतीबरोबर करुणाही निर्माण करणे, हे त्यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य होय.

कुटुंब आणि भारताशी संबंध

कारलॉफ यांचा जन्म दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील एडवर्ड जॉन प्रॅट ब्रिटिश भारतातील मीठ महसूल खात्यात अधिकारी होते. आई एलायझा सारा मिलार्ड यांचे कुटुंबही भारतातच वाढलेले होते. आईच्या मावशी म्हणजे सयामचे राजे मोंगकुट यांच्या मुलांना शिकवणाऱ्या प्रसिद्ध शिक्षिका अ‍ॅना लिओनोवेन्स. अ‍ॅना यांचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला होता. आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचे त्या सांगत असत. अहमदनगरचा जन्म आणि लष्करी वसाहतीतील बालपण पुढे संशोधकांनी उजेडात आणले. अ‍ॅना यांच्या आजीकडून या कुटुंबात भारतीय रक्त आले असावे, असे अभ्यासक मानतात. कारलॉफ यांचा सावळा वर्ण याच वारशातून आला असल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात.

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मोठ्या भावंडांनी त्यांचा सांभाळ केला. त्यांचे शिक्षण एनफील्ड, अपिंगहॅम व लंडन येथे झाले. बालपणी ते तोतरे बोलत. प्रयत्नपूर्वक त्यांनी हा दोष घालवला, मात्र उच्चारातील किंचित बोबडेपणा अखेरपर्यंत टिकला आणि पुढे तीच त्यांच्या आवाजाची ओळख ठरली. त्यांचे बंधू सर जॉन प्रॅट चीनमधील ब्रिटिश वाणिज्यदूत सेवेत होते. धाकट्यानेही त्याच सेवेत जावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती डावलून १९०९ मध्ये विल्यम प्रॅट कॅनडाला गेले. तेथे शेतमजुरी व अंगमेहनतीची इतर कामे करीत असताना ते फिरत्या नाटक मंडळीत शिरले आणि ‘बोरिस कारलॉफ’ हे नाव त्यांनी धारण केले.

दुय्यम भूमिकांची वर्षे

सुमारे दहा वर्षे कॅनडा व अमेरिकेतील लहानमोठ्या गावांतून नाटके केल्यानंतर कारलॉफ हॉलिवूडला पोहोचले. १९१९ पासून मूकपटांत त्यांना किरकोळ कामे मिळू लागली. वर्णामुळे व चेहऱ्याच्या ठेवणीमुळे अरब, हिंदू किंवा मिश्रवंशीय खलनायक अशाच भूमिका त्यांच्याकडे येत. चित्रपटांतून चरितार्थ चालत नसे, तेव्हा त्यांनी मालमोटार चालवली व ओझी उचलली. पाठीच्या ज्या दुखण्याने त्यांना पुढे आयुष्यभर त्रास दिला, त्याचे मूळ याही कष्टांत होते.

‘द क्रिमिनल कोड’

मार्टिन फ्लेव्हिन यांचे ‘द क्रिमिनल कोड’ हे तुरुंगजीवनावरील नाटक १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. त्याच्या लॉस एंजेलिसमधील प्रयोगात कारलॉफ यांनी गॅलोवे या कैद्याची भूमिका केली. हॉवर्ड हॉक्स यांनी नाटकावरून त्याच नावाचा चित्रपट काढला, तेव्हा ही भूमिका पुन्हा त्यांच्याकडेच आली. हा चित्रपट १९३१ च्या आरंभी प्रदर्शित झाला. ज्या सरकारी वकिलाने एका तरुणाला शिक्षा घडवून आणली, तोच पुढे त्या तुरुंगाचा अधीक्षक होऊन येतो, असे त्याचे कथानक आहे. कायद्याची एक संहिता आणि सोबत्याचे नाव कधीही न सांगण्याची कैद्यांची दुसरी संहिता, यांतील संघर्ष हा त्याचा विषय होय. गॅलोवे हा दुसऱ्या संहितेचा अंमलदार असून फितूर कैद्याला तो ठार करतो. या चित्रपटात अद्भुत काहीही नाही. तथापि सावकाश पावले टाकीत, जवळजवळ न बोलता सावजाला कोपऱ्यात गाठणारा कारलॉफ यांचा गॅलोवे प्रेक्षकांच्या लक्षात राहिला. त्यांच्या पुढील भयभूमिकांची चाल येथेच सिद्ध झाली होती.

‘फ्रँकेन्स्टाइन’

त्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीसाठी दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी कारलॉफ यांची निवड केली. जॅक पिअर्स यांनी घडवलेली रंगभूषा चढवण्यास रोज सुमारे चार तास लागत. जड पोशाख व अवजड बूट घालून वावरताना आणि सहकलाकाराला पुन्हापुन्हा उचलून नेताना त्यांच्या पाठीला इजा झाली. श्रेयनामावलीत आरंभी त्यांच्या नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह होते.

चित्रपटातील जीवाचा देह मृतांच्या अवयवांतून तयार होतो. शास्त्रज्ञ व त्याचा मदतनीस वधस्तंभावर लटकणारे प्रेतही उतरवतात, आणि देहात बसवला जातो तो गुन्हेगाराचा मेंदू. जन्मतःच या जीवाच्या वाट्याला साखळदंड, तळघर आणि जळत्या मशालीचा धाक येतो. कारलॉफ यांनी ही मूक भूमिका क्रौर्यापेक्षा गोंधळ व वेदना यांवर भर देऊन साकारली. त्यामुळे जन्मतः दुष्ट असलेल्याला कोंडले जाते, की कोंडल्याने तो दुष्ट होतो, हा प्रश्न भयपटात शिरला. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये गावकरी याच जीवाला तुरुंगाच्या कोठडीत खुर्चीला जखडतात आणि तो साखळ्या तोडून निघून जातो. दरम्यान १९३२ च्या ‘द ममी’मध्ये त्यांनी जिवंतपणी पुरण्याची शिक्षा झालेल्या इजिप्शियन पुरोहिताची भूमिका केली होती.

चित्रीकरणाच्या दीर्घ तासांचा अनुभव घेतलेले कारलॉफ १९३३ मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या अभिनेत्यांच्या संघटनेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते. त्यांचा सदस्यत्व क्रमांक ९ होता. निर्मात्यांचा रोष पत्करून संघटनेत येण्याचा तो काळ होता.

मृत्युदंडावरील भयपट

१९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केलेला ‘द वॉकिंग डेड’ हा या प्रवाहातील महत्त्वाचा चित्रपट होय. तुरुंगातून नुकताच सुटलेला जॉन एलमन हा संगीतकार एका न्यायाधीशाच्या खुनात खोटेपणाने गोवला जातो. निर्दोषत्वाची साक्ष वेळेवर पुढे येत नाही. शिक्षा थांबवण्याचा निरोप तुरुंगात पोहोचेपर्यंत विजेच्या खुर्चीचा प्रवाह सुरू झालेला असतो. आपली आवडती धून ऐकत वधगृहाकडे चालत जाणारा एलमन हा कारलॉफ यांच्या संयत अभिनयाचा नमुना मानला जातो. एक शास्त्रज्ञ यांत्रिक हृदयाच्या साह्याने त्याला पुन्हा जिवंत करतो. परतलेला एलमन कोणाचीही हत्या करीत नाही; तो कारस्थान्यांसमोर केवळ उभा राहतो आणि ते आपल्याच भीतीने मृत्यूच्या तोंडी जातात. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग आणि शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल यांनी तयार केलेल्या, अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवणाऱ्या उपकरणाची त्या सुमारास मोठी चर्चा होती. चित्रपटातील प्रयोगाला तिचा आधार होता.

१९३९ मध्ये कोलंबिया कंपनीने निक ग्रिंडी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘द मॅन दे कुड नॉट हँग’ काढला. त्यात मृताला जिवंत करण्याचा प्रयोग अर्ध्यावर थांबवला गेल्याने शास्त्रज्ञ खुनी ठरतो. फाशीनंतर साहाय्यकाने पुनरुज्जीवित केल्यावर तो न्यायाधीश व पंच यांच्यावर सूड उगवतो. त्याच दिग्दर्शकाच्या १९४० च्या ‘बिफोर आय हँग’ची कथा प्रत्यक्ष तुरुंगात घडते. रुग्णाच्या यातना संपवल्याबद्दल मृत्युदंड झालेल्या वृद्ध डॉक्टरला तेथे संशोधनाची मुभा मिळते. फाशी दिलेल्या खुन्याच्या रक्तापासून बनवलेली लस तो स्वतःला टोचून घेतो. लसीने तारुण्य परतते, पण त्याबरोबर खुनाची वासनाही येते. शिक्षा रद्द होऊन तो सुटतो खरा, परंतु अखेरीस त्याची पावले पुन्हा तुरुंगाकडेच वळतात.

या चित्रपटांत अमानवी शक्तीची जागा बहुधा विज्ञान घेते, तरी त्यांची रचना भूतकथेचीच आहे. अन्यायाने मेलेला माणूस आपला हिशेब पुरा करण्यासाठी परत येतो. मृत्युदंड मागे घेता येत नाही, ही वस्तुस्थिती त्यांतील भयाच्या मुळाशी आहे. न्यायालयाची चूक दुरुस्त करण्यासाठी येथे चमत्कारच घडावा लागतो, आणि तोही माणसाला पूर्वीचे आयुष्य परत देऊ शकत नाही.

कोंडणारा आणि कोंडलेला

कारलॉफ यांनी शिक्षा देणाऱ्यांच्या भूमिकाही केल्या. १९३९ च्या ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये ते तिसऱ्या रिचर्डच्या पदरी असलेला मॉर्ड हा मारेकरी झाले. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्यासाठी त्यांनी केलेल्या तीन चित्रपटांतील शेवटचा, मार्क रॉबसन दिग्दर्शित ‘बेडलॅम’ १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. विल्यम होगार्थ यांच्या चित्रावरून स्फुरलेल्या या चित्रपटाची कथा १७६१ मधील लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळात घडते. तेथील रुग्णांना कैद्यांप्रमाणे डांबून पैसे घेऊन लोकांना दाखवणाऱ्या क्रूर प्रमुखाची भूमिका कारलॉफ यांनी केली. अखेरीस तेच रुग्ण त्याला भिंतीत जिवंत चिणतात.

१९५८ च्या ‘ग्रिप ऑफ द स्ट्रँगलर’मध्ये त्यांनी वीस वर्षांपूर्वी न्यूगेट तुरुंगात फासावर गेलेल्या माणसाचे निर्दोषत्व सिद्ध करू पाहणारा लेखक रंगवला. शोध घेत तो तुरुंगातील थडग्यापर्यंत पोहोचतो. शवपेटीतील सुरी हाती येताच त्याचे रूप पालटते आणि खरा खुनी तो स्वतःच असल्याचे उघड होते. निर्दोषाला शिक्षा झाल्याचा जुनाच विषय येथे उलट बाजूने मांडला आहे.

उत्तरायुष्य

पडद्यावरील प्रतिमेच्या उलट कारलॉफ मृदुभाषी व सुसंस्कृत गृहस्थ म्हणून ओळखले जात. बागकामाची व क्रिकेटची त्यांना आवड होती. हॉलिवूड क्रिकेट क्लबचे ते सदस्य होते. १९४१ पासून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ या विनोदी नाटकातील त्यांची भूमिका गाजली. त्यांनी मुलांसाठी कथांची ध्वनिमुद्रणे केली. १९६६ च्या ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ या व्यंगपटातील निवेदनाच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

१९६८ च्या पीटर बॉग्दानोविच दिग्दर्शित ‘टार्गेट्स’मध्ये त्यांनी निवृत्तीच्या वाटेवरील वृद्ध भयपट-अभिनेत्याची भूमिका केली. आजच्या जगातील निष्कारण हिंसेपुढे आपले भयपट फिके पडले, असे त्या अभिनेत्याला वाटत असते. एका प्रसंगात तो दूरचित्रवाणीवर आपला जुना चित्रपट पाहतो. तो चित्रपट ‘द क्रिमिनल कोड’ असून पडद्यावर तरुण कारलॉफ यांचा गॅलोवे तुरुंगातील सावजाकडे पावले टाकीत असतो. या काळात संधिवात व श्वसनविकाराने जर्जर असूनही ते काम करीत राहिले.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी मिडहर्स्ट येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील, अभिनेत्यांचे चर्च म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेंट पॉल्स चर्चमध्ये त्यांचा स्मृतिफलक आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९७ मध्ये भयपटांतील गाजलेल्या पात्रांवर तिकिटे काढली. त्यांत कारलॉफ यांची दोन रूपे होती, एक फ्रँकेन्स्टाइनने घडवलेल्या जीवाचे आणि दुसरे ममीचे.