बॅ. नाथ पै : सीमाप्रश्न आणि लोकेच्छा

या घटकात आपण बॅ. नाथ पै यांच्या चरित्राचा अभ्यास करणार आहोत. त्यांचा समग्र जीवनपट येथे अभिप्रेत नाही. सीमेवरच्या माणसांनी कोणत्या राज्यात राहावे हे कोणी ठरवावयाचे, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने आपण हे जीवन वाचणार आहोत.

तुमच्यापैकी जे हर्णे परिसरात राहतात त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून आगबोटीविषयी ऐकले असेल. मुंबईहून निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याला आणि पुढे पणजीला जात असे. त्या वेंगुर्ल्यात २५ सप्टेंबर १९२२ रोजी नाथ पै यांचा जन्म झाला. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हर्णे आणि वेंगुर्ले ही एकाच रत्नागिरी जिल्ह्यातील गावे होती. या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना बोली बंदरागणिक थोडी थोडी पालटत जाते. मराठी येथे संपली आणि कोकणी येथे सुरू झाली, असे सांगणारी रेघ मात्र कोणत्याही धक्क्यावर सापडत नाही. भाषाविज्ञानात यास बोलीसातत्य म्हणतात. शासनाला सातत्य चालत नाही, त्याला रेघ लागते. आणि ती ओढली की कोणीतरी पलीकडे राहतोच.

नाथ पै यांचे शिक्षण बेळगावात झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी कारावास भोगला, नंतर इंग्लंडमध्ये बॅरिस्टरची पदवी मिळवली आणि समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही भूषविले. आशिया-आफ्रिकेतील वसाहती मुक्त होत असतानाचा तो काळ होता. ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द त्यांनी या वातावरणात आत्मसात केला, हे ध्यानात घ्यावे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९६२ आणि १९६७ मध्येही ते निवडून आले, आणि अखेरपर्यंत विरोधी बाकांवरच बसले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, निपाणी, कारवार हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर सीमा आखावी, अशी महाराष्ट्राची मागणी होती. नाथ पै हे या मागणीचे संसदेतील प्रभावी प्रवक्ते होते. गोव्याच्या संदर्भात स्वयंनिर्णय म्हणजे परकीय सत्तेपासून मुक्ती. बेळगावच्या संदर्भात मात्र एकाच संघराज्यात कोणत्या राज्याशी जोडले जावे याची निवड. शब्द एक, अर्थ दोन. सीमावासीयांसाठी त्यांनी वेगळा देश मागितला नाही. हा भेद न करता कोणी सीमालढ्याला फुटीर ठरवू लागला, तर ते वाचन चुकीचे आहे.

येथे एक अवघड स्थळ येते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. कोकणी ही मराठीचीच बोली आहे, हा विलीनीकरणवाद्यांचा आधार होता. मतदारांनी वेगळा निर्णय दिला. महाराष्ट्राला तो रुचला नाही, परंतु लोकांना विचारले गेले होते. बेळगावात तसे कोणी विचारलेच नाही. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, तसेच बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. लोकेच्छेचे तत्त्व मांडणाऱ्याला गोव्याचा कौलही मानावा लागतो, आणि तो मानला तरच बेळगावची मागणी वजनदार ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच वर्षी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. नाथ पै यांनी लगोलग खासगी विधेयक मांडून घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असावा, अशी भूमिका घेतली. सार्वभौमत्व लोकांचे, आणि लोकांचा आवाज म्हणजे संसद, हे त्यामागचे तर्कशास्त्र. पण बेळगाव म्हैसूरला जोडणारा कायदा याच संसदेच्या बहुमताने केला होता! बहुमताचा अधिकार एवढा व्यापक केला, तर सीमेवरच्या मूठभर गावांना संरक्षण कशाचे? या पेचाची त्यांच्या अभ्यासकांनी पुरेशी दखल घेतलेली नाही. एवढे खरे की सीमाप्रश्नाचा निर्णय रस्त्यावरच्या बळाने व्हावा यापेक्षा संसदेत पराभव पत्करावा लागला तरी चालेल, या वृत्तीचा हा नेता होता. विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही.

१७ जानेवारी हा सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो; १९५६ साली त्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला होता. १९७१ च्या हुतात्मा दिनी नाथ पै बेळगावात बोलले. १८ जानेवारीला तेथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८ वर्षांचे होते. नोव्हेंबरमध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने, त्यांच्या विधेयकात जे मागितले होते ते संसदेने स्वतःकडे घेतले. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला.