तालीममास्तर देवल

स्मरणिकेसाठी लिहायचे म्हटल्यावर मला आठवले ते आपले नववीचे स्नेहसंमेलन. मराठीच्या बाईंनी आपल्याकडून 'शारदा'तला एक प्रवेश बसवून घेतला होता. मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करत होते. सगळ्यांचे संवाद मला पाठ होते, पण हे नाटक लिहिणारा माणूस कोण, हे मी तेव्हा विचारलेही नाही. पुढे इंजिनिअरिंग झाले, सॉफ्टवेअरमधली नोकरी सुरू झाली. चाळिशीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा गोविंद बल्लाळ देवल भेटले.

त्यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 चा. बालपण सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी गेले. शिक्षण बेळगावात झाले आणि तिथेच त्यांनी काही काळ शिक्षकी केली. अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवासही त्यांना बेळगावातच लाभला. किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. 1885 मध्ये, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, ते गेले. गुरूंचे काम पुढे नेणाऱ्यांत देवल होते.

आपण त्यांना नाटककार म्हणून ओळखतो. त्यांनी सात नाटके लिहिली. पण नाटकवाल्यांच्या जगात त्यांचा दरारा होता तो तालीममास्तर म्हणून. आज ज्याला आपण दिग्दर्शक म्हणतो, तेच हे काम. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून त्यांनी 'झुंझारराव' लिहिले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींना ती भूमिका शिकवली. गणपतराव पुढे फार मोठे नट झाले. नुसता आवाज चढवून, हातवारे करून टाळ्या घेण्यापेक्षा वाक्याचा अर्थ नटाच्या तोंडून सहज यावा, हा देवलांचा आग्रह. त्यांच्या नाटकांतली घरगुती, सरळ मराठी वाचली की तो आजही जाणवतो.

'शारदा' 1899 मध्ये रंगभूमीवर आले. सात नाटकांतले हे एकच स्वतंत्र. कांचनभट पैशाच्या लोभाने आपल्या लहान मुलीचे लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो, ही त्याची गोष्ट. तेव्हा हा नुसता कथाविषय नव्हता. प्रेक्षकांच्या घरांतही अशी लग्ने होत होती. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करत. म्हणजे शारदेची धास्ती, तिची लाज आणि तिचा संताप तालमीत एखाद्या मुलाला शिकवावा लागायचा. ते साधल्याशिवाय समोरच्या बापांच्या मनाला काही लागणार नव्हते.

पुढे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनाही देवलांची तालीम मिळाली. 'संशयकल्लोळ'चे संगीत रूप 1916 चे. त्याच वर्षी 14 जूनला देवल गेले.

त्यांची नाटके छापलेली आहेत, म्हणून ती उरली. तालमी मात्र कुठेच उरल्या नाहीत. एखाद्या नटाला कुठे थांबवले, कोणता शब्द दहादा म्हणून घेतला, हे त्या नटाबरोबरच संपले. लोकांनी गणपतराव पाहिले, बालगंधर्व ऐकले. शिकवणारा विंगेतच राहिला.

हे वाचताना मला आपल्या बाई आठवल्या. शाळा सुटल्यावर महिनाभर त्या आपल्यासाठी थांबत होत्या. शारदा झालेल्या मैत्रिणीला मान खाली न घालता बोलायला त्यांनीच शिकवले. कार्यक्रमपत्रिका माझ्या अक्षरातली होती. तिच्यात पात्रांची नावे होती, पेटी-तबलेवाल्यांची होती, पडदा ओढणाऱ्याचेही होते. बाईंचे नाव मी लिहिले नव्हते, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. आता सांगावे, तर त्या हयात नाहीत.

मेळाव्यात आपण तो प्रवेश पुन्हा करणार आहोत. पत्रिका या वेळीही माझ्याकडेच आहे. सगळ्यांत वर बाईंचे नाव घातले आहे.