डॉक्टर हान्स बर्गर यांचे चरित्र

नाडी बोटांस लागते, हृदयाचे ठोके कानांस ऐकू येतात. परंतु कवटीच्या आत मेंदू कसा चालला आहे, हे पाहण्याचे साधन वैद्यांजवळ पुष्कळ काळ नव्हते. ते साधन ज्यांनी शोधून काढिले त्या जर्मन डॉक्टरांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवितो. त्यात अनुकरण करावे असे पुष्कळ आहे, आणि भय धरावे असेही आहे.

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्गजवळील नॉइझेस या गावी झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील फ्रीडरिख र्‍युकर्ट हे नामांकित कवी असून त्यांनी आपल्या देशातील संस्कृत काव्येही जर्मन भाषेत आणिली होती. तरुणपणी लष्करात असता बर्गर एके दिवशी घोड्यावरून पडले, ते तोफेच्या गाड्यापुढेच. गाडा अगदी वेळेवर थांबला म्हणून ते वाचले. त्याच दिवशी दूर घरी त्यांच्या बहिणीच्या मनात भय उत्पन्न झाले व तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. ही गोष्ट बर्गर यांच्या अंतःकरणात अशी रुतली की, मनाची शक्ती देहात कशी वावरते हे शोधण्यास त्यांनी आपले आयुष्य वाहिले.

ते येना येथे डॉक्टर झाले, तेथील मनोरुग्णांच्या रुग्णालयात लागले व १९१९ साली त्याचे प्रमुख झाले. प्राण्यांच्या मेंदूत विजेचा सूक्ष्म प्रवाह असतो, हे इंग्लंडात रिचर्ड केटन यांनी १८७५ सालीच दाखविले होते. तो मनुष्यात सापडेल काय, या ध्यासाने बर्गर दिवसाचे काम आटोपल्यावर एकटेच खपत. पुष्कळ प्रयोग फसले. शेवटी ६ जुलै १९२४ रोजी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून तो प्रवाह त्यांस टिपता आला. तथापि त्यांनी घाई केली नाही. यंत्राचा दोष तर नाही ना, हे पाच वर्षे पारखून १९२९ साली त्यांनी आपला शोध छापिला.

मनुष्य डोळे मिटून स्वस्थ असला म्हणजे सेकंदास सुमारे दहा लहरी उठतात, आणि डोळे उघडताच किंवा मन हिशेबात गुंतताच त्या मावळतात, असे त्यांस आढळले. विद्वानांनी प्रथम विश्वास ठेविला नाही. पण १९३४ साली केंब्रिज येथे एड्रियन व मॅथ्यूज यांनी पडताळा घेतला, तेव्हा शंका फिटली. आज या तपासणीस दवाखान्यात ई. ई. जी. म्हणतात. डोक्यावर धातूच्या लहान चकत्या लावून लहरींचा आलेख घेतात. त्यात दुखत नाही. फेफऱ्याचा प्रकार ओळखण्यास तो उपयोगी पडतो. बेशुद्ध रोगी बोलू शकत नसला, तरी त्याचा मेंदू कसा चालला आहे व आतल्या आत झटके येत आहेत काय, हे तो डॉक्टरांस कळवितो.

आता दुःखाची गोष्ट. हिटलरच्या राज्यात १९३३ साली असा कायदा झाला की, आनुवंशिक फेफरे व काही इतर रोग असलेल्यांस जबरीने निर्बीज करावे. त्याचा निर्णय देणाऱ्या न्यायासनावर बर्गर बसले. पुष्कळ वर्षे ते त्या राज्याचे विरोधक समजले जात. पुढे कागदपत्रांनी खरे उघड केले. ज्या रोग्यांस त्यांच्या शोधाने लाभ व्हावयाचा, त्यांच्याच अन्यायात त्यांचा हात लागला. १९३८ साली ते निवृत्त झाले. पुढे खिन्नतेच्या आजाराने त्यांस ग्रासिले आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी आपल्याच हातांनी जीवनाचा अंत केला. ज्याने इतरांचे मेंदू तपासिले, त्याच्याही मनास आधार पाहिजे होता.

बंधुभगिनींनो, विद्या ही देवाची देणगी आहे. पण मनुष्याचे मोल आलेखावर उमटत नाही, आणि प्रीतीवाचून विद्या कठोर होते. आपल्या गावात कोणास फेफरे आले म्हणजे अद्याप कांदा किंवा जोडा हुंगवितात, भगताकडे नेतात, मुलीचा आजार लग्नासाठी लपवितात. उपदेशकांनी हे थांबवावे. झटका आला असता रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांवर चालला तर तत्काळ दवाखाना गाठावा. डॉक्टरांस दाखवून औषध घ्यावे व ते मनाने बंद करू नये. एखाद्या वेळी आलेख निर्दोष आला, तरी रोग नाही असे ठरत नाही. म्हणून डॉक्टरांचे ऐकावे.

मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाने आपला मुलगा लोकलज्जेस्तव घरात लपविला नाही, तर प्रभूकडे आणिला. आणि प्रभूने सर्वांदेखत त्या मुलाचा हात धरून त्यास उठविले. मंडळीतील अशा प्रत्येक रोग्याचा हात आपणही धरावा, एवढीच विनंती.