डॉ. बाबासाहेब आंबेडकर : विद्यार्थिपण आणि गुरुऋण

1930 च्या डिसेंबर महिन्यात, लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू असताना, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध झाले. आयुष्यातील उत्तम स्नेही म्हणून त्यांनी कोलंबियातील काही सहाध्यायांचा आणि चार प्राध्यापकांचा निर्देश केला होता. जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन ही ती चार नावे होत. माजी विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकांचे कृतज्ञतेने स्मरण करणे ही तशी उपचाराची बाब. परंतु ज्याच्या बालपणी शाळेनेच त्याला दूर बसविले होते, त्याने अध्यापकांना स्नेही म्हणावे, याला निराळा अर्थ आहे. परंपरेने ज्याला गुरू नाकारला, त्याने आपले गुरू कसे निवडले आणि त्यांचे ऋण कोणत्या रीतीने फेडले, हा बाबासाहेबांच्या चरित्रातील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे व ते परतही न्यावे लागे, कारण शाळेतील शिपाई त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. याच साताऱ्यात त्यांना आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक लाभले. पुढे बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींनुसार या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत त्यांना आपल्या डब्यातील भाजीभाकरी दिली आणि आपले आडनावही दिले. ज्या संस्थेने पाणी नाकारले तिच्यातीलच एका व्यक्तीने भाकरी दिली, हा अनुभव त्यांच्या मनात कायम राहिला. व्यक्तीविषयी कृतज्ञता आणि व्यवस्थेविषयी नकार या दोन भावना एकाच वेळी जपण्याची त्यांची वृत्ती येथेच घडू लागली असावी.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये आल्यावरही संस्कृतचा वर्ग त्यांना बंदच राहिला. दुसरी भाषा म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. या काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले. केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि मराठीतील एक व्यासंगी चरित्रकार. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढील शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचाच पुढाकार होता. एका मराठी चरित्रग्रंथाने एखाद्या वाचकाच्या जीवनाला दिशा दिल्याची अशी उदाहरणे आपल्या वाङ्मयेतिहासात फारशी नाहीत.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन भीमराव पदवीधर झाले. 1913 च्या फेब्रुवारीत वडील रामजी सकपाळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी जून महिन्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी केला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. आरंभी हार्टली हॉल, नंतर कॉस्मॉपॉलिटन क्लब आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल अशी त्यांची वसतिस्थाने बदलली. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि अडचणीच्या प्रसंगी भथेनांनी त्यांना आर्थिक साहाय्यही केले. विद्यापीठाच्या आवारात कोणी कोठे बसावे, कोणी कोणते पुस्तक उघडावे, कोणी कोणाबरोबर जेवावे, याचा निर्णय जन्मावरून होत नव्हता. ज्याने गोणपाट वाहिले होते त्याला ही साधी गोष्ट केवढी मोठी वाटली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

तेथील त्यांच्या अभ्यासाचा आवाका विलक्षण आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच आणि मानववंशशास्त्राचे चार अभ्यासक्रम त्यांनी घेतल्याची नोंद आहे. सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थकारणाचे अधिकारी अभ्यासक होते. करव्यवस्थेकडे सामाजिक न्यायाच्या अंगाने कसे पाहावे, याची दृष्टी त्यांच्या अध्यापनातून मिळत होती. रॉबिन्सन यांनी इतिहासलेखन राजे आणि लढाया यांच्या पलीकडे नेण्याचा आग्रह धरला होता. शॉटवेल हेही इतिहासाचेच प्राध्यापक. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. ड्यूई यांच्या वर्गात नीतिशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञान यांचा विचार चाले. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हे त्यांचे प्रतिपादन या विद्यार्थ्याने आत्मसात केले.

तथापि हा विद्यार्थी केवळ ग्रहण करणारा नव्हता. 9 मे 1916 रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिझ्ली आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून ख्यातनाम झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. केतकरांनीही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, जातिसंस्थेचा अभ्यास केला होता. आतून पाहणारा अभ्यासक म्हणून त्यांच्या विवेचनाचे मोल मान्य करूनही भीमरावांनी त्यातील उणीव दाखविली आणि जातींतर्गत विवाह हेच जातीचे सारतत्त्व असल्याचे मांडले. पंचवीस वर्षे वयाच्या विद्यार्थ्याने नामांकित विद्वानांशी असा वाद घालावा आणि वर्गाने तो ऐकून घ्यावा, हीच त्या विद्यापीठाची खरी देणगी होती. 1917 मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला.

1917 साली ते परतले तेव्हा बडोद्याने त्यांना जुन्या वास्तवाची आठवण करून दिली. पारशी विश्रामगृहातून त्यांना हाकलण्यात आले आणि शहरात राहावयास जागा मिळेना. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याच्या शाळेतला पाण्याचा प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत त्यांच्यामागे आला होता. 1927 च्या महाड सत्याग्रहाकडे पाहताना हा माठही विसरता येत नाही.

पुढे लंडनमध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध पूर्ण केला. 1923 मधील या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कॅनन यांनी काही मुद्द्यांवर आपला मतभेद उघडपणे नोंदविला आणि तरीही विवेचनातील ताजेपणाची प्रशंसा केली. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथाला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावे आहे. 1936 मधील ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला आणि त्यांच्या विचाराचा आधार घेतला. परंतु ड्यूईंच्या अमेरिकेत जो विचार शिक्षणसुधारणेचे साधन होता, तो येथे धर्मग्रंथांच्या प्रामाण्याला दिलेले आव्हान झाला. गुरूचा विचार जसाच्या तसा उच्चारणे आणि तो आपल्या भूमीत कसाला लावणे यांतील अंतर बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते.

गुरुऋण फेडण्याचा त्यांचा दुसरा मार्ग संस्थात्मक होता. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद महाविद्यालय, त्यांनी उभे केले. सिद्धार्थमधील सकाळचे वर्ग नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी होते. आपण न्यूयॉर्कमध्ये जे मोकळे आवार अनुभवले ते येथील मुलांना मिळावे, ही त्यामागील प्रेरणा स्पष्ट दिसते. 1967 मध्ये याच नागसेनवनाच्या परिसरातून ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. त्याचेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ लाभले. मराठी साहित्याच्या अभ्यासकाने कोलंबियाच्या त्या वर्गखोल्यांची दखल घ्यावी ती या कारणासाठी.

1952 च्या जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. ड्यूईंची भेट घ्यावी, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु 1 जून रोजी ड्यूई निवर्तले आणि पदवीदानाचा समारंभ 5 जूनला झाला. आपले सारे बौद्धिक जीवन या गुरूचे ऋणी आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी सविता आंबेडकर यांना तेथून लिहिले. वर्गात शिकविताना ड्यूईंच्या ज्या लकबी त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांची हुबेहूब नक्कल ते तीस वर्षांनंतरही करून दाखवीत, असे सविताबाईंनी सांगितले आहे.

जाहीर जीवनात बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. त्या तिघांशी त्यांची प्रत्यक्ष भेट कधी होणे शक्यच नव्हते. ज्यांच्यासमोर ते विद्यार्थी म्हणून बसले, त्यांना मात्र त्यांनी स्नेही म्हटले. या दोन शब्दांच्या निवडीत त्यांची गुरुकल्पना सामावलेली आहे. तीत कृतज्ञतेला पूर्ण स्थान आहे, पण आज्ञाधारकतेला नाही. केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकापासून सुरू झालेला हा प्रवास ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाशी येऊन थांबतो. 1957 मध्ये, लेखकाच्या निधनानंतर, तो प्रसिद्ध झाला. त्यासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या सत्काराची आणि दादा केळुसकरांच्या त्या भेटीची आठवण त्यांनी नोंदवून ठेवली आहे.