वाफ्यातली शाळा: डॉ. झाकीर हुसेन आणि वर्ध्याची नई तालीम

नागपूरच्या सदरमधून निघालं की वर्धा जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. सेवाग्रामची बापूकुटी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. पण मुलांना भाजीच्या वाफ्यातून गणित, विज्ञान आणि भाषा शिकवावी, असा आराखडा याच वर्ध्यात ज्या समितीनं मांडला, तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे एक चाळीस वर्षांचे मुस्लिम शिक्षक होते, हे किती घरांत सांगितलं जातं? ते शिक्षक म्हणजे डॉ. झाकीर हुसेन, पुढे भारताचे तिसरे राष्ट्रपती.

यतीम मुलगा ते शैखुल जामिया

झाकीरसाहेबांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं, पठाणांचं. दहा वर्षांचे असताना वडील गेले. चार वर्षांनी प्लेगनं आईलाही नेलं. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलनं या यतीम पोराला घडवलं. तिथून ते अलीगढला गेले. 1920 मध्ये असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी सरकारी मदतीवरचं कॉलेज सोडलं आणि नव्यानं उभ्या राहणाऱ्या जामियात सामील झाले.

बर्लिनमधून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन 1926 मध्ये ते परतले, तेव्हा जामियाच्या तिजोरीत खडखडाट होता. मोठ्या पगाराची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. त्याऐवजी त्यांनी आणि साथीदारांनी वीस वर्षं दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली. 1948 पर्यंत ते जामियाचे कुलगुरू राहिले.

वर्ध्याची ती बैठक

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद बोलावली. मुलांनी हातानं काम करत शिकावं आणि त्या कामातून शाळेचा खर्चही निघावा, असा गांधीजींचा विचार होता. झाकीरसाहेबांनी पहिली गोष्ट मनापासून मान्य केली. दुसरीबद्दलची शंका मात्र त्यांनी भर सभेत बोलून दाखवली. कमाईच्या मागे लागलं तर शाळेचा कारखाना होईल आणि मास्तर मुकादम होतील, ही त्यांची भीती होती. तरीही गांधीजींनी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिलं. समितीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस्सैयदैन यांच्यासारखी माणसं होती. 2 डिसेंबरला अहवाल तयारही झाला.

सात ते चौदा वयाच्या मुलांना मोफत, सक्तीचं आणि मातृभाषेतून शिक्षण, हा त्याचा पाया होता. सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळं आणि भाजीपाल्याची बाग हाही मूळ उद्योगांपैकी एक होता. साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटं हस्तउद्योगासाठी ठेवली होती. पण त्या वेळात नुसती खुरपणी करायची नव्हती. वाफा आखताना लांबी-रुंदी मोजली की क्षेत्रफळ आलं. बियाणं, खत, विक्रीचा हिशेब ठेवला की अंकगणित आलं. मुळं, पानं, किडे, पाऊस यांतून विज्ञान आलं. रोजची नोंद लिहिली की भाषा आली. ही भाजी आपल्याकडे कुठून आली, असं विचारलं की इतिहास-भूगोलाचं दार उघडलं. पुस्तक बाजूला टाकायचं नव्हतं, पुस्तकातल्या गोष्टीला हाताची जोड द्यायची होती.

आपल्याच लोकांचा राग

या योजनेवर सर्वात जास्त नाराज झाले ते मुसलमान. तिच्यात धार्मिक शिक्षणाला जागा नव्हती. त्यातच नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सरकारनं ‘विद्यामंदिर’ नावाची शाळायोजना आणली. त्या नावानंच लोक बिथरले. दोन्ही योजना एकच समजल्या गेल्या. 1938 मध्ये मुस्लिम लीगनं वर्धा योजनेचा निषेध केला. दीन आणि उर्दूसाठी आयुष्य वेचणाऱ्या झाकीरसाहेबांना आपल्याच लोकांचे टोमणे ऐकावे लागले. धार्मिक तालमीची लोकांची काळजी खोटी नव्हती. जामियात तर ती दिलीच जात होती. झाकीरसाहेबांनी लोकांशी भांडण केलं नाही आणि कामही सोडलं नाही. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं.

1947 च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर त्यांच्या जिवावर बेतलं. एका शीख कॅप्टननं आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्यानं त्यांना वाचवलं. त्यानंतरही ते इथंच राहिले. अलीगढचे कुलगुरू, बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि 1967 मध्ये राष्ट्रपती झाले. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

गुलाबांचा माळी

बाग ही त्यांच्यासाठी नुसती कागदावरची योजना नव्हती. अलीगढचा परिसर त्यांनी फुलांनी सजवला. राष्ट्रपती भवनात गुलाबांवर जातीनं लक्ष दिलं. चंदीगडची गुलाबबाग आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. मुलांसाठी त्यांनी उर्दूत गोष्टीही लिहिल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ आजही वाचली जाते.

नई तालीम पुढे बहुतेक ठिकाणी नावापुरती उरली. ती ज्या पद्धतीनं राबवली गेली, त्यावर झाकीरसाहेबांनी स्वतः कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. जामियाच्या आवारात त्यांची कबर आहे.

आपल्या घराला अंगण नसेल, गॅलरी तर असेल. एका कुंडीत मेथी पेरा. किती दाणे टाकले, किती उगवले, रोज किती वाढ झाली, हे पोरांना वहीत लिहायला सांगा. पंचवीस-तीस दिवसांत भाजी ताटात येईल, आणि वहीत गणित, विज्ञान, भाषा तिन्ही असतील. आणि हो, पाणी घालण्याचं काम त्यांच्याकडेच राहू द्या.